बांधावरचा भारा

माझ्या लहानपणी आमच्या घरात पालेभाजी विकत आणलेली मला आठवत नाही. घोडेगावच्या बाजारातून मीठ यायचं, गोडेतेल यायचं, सुके बोंबील यायचे; पण जुडीसाठी आईने कधी पिशवी पुढे केली नाही. भाजी यायची ती तिच्या ओच्यातून. संध्याकाळी तात्यांच्या मळ्यातून खुरपून आली की डोक्यावरचा भारा ती आधी गोठ्यापुढे टाकायची. तो धप्पकन आपटला की आतून मोरी, म्हणजे आमची म्हैस, लांब सुरात रेकायची. मग आई उंबऱ्यावर बसून लुगड्याचा खोचलेला ओचा सोडायची आणि दिवसभर खुरपता खुरपता वेगळी काढलेली भाजी परातीत पडायची. कोवळा माठ, चाकवत, घोळ, कधी पाथरीची दोन-चार मुळासकट उपटलेली रोपटी. ओल्या मातीचा, घोळीचा आंबूस आणि आईच्या घामाचा, असे तिन्ही वास एकदमच घरात यायचे. अजूनही कुठे ओली माती उकरलेली दिसली की माझं नाक तो घामाचा वास शोधायला लागतं.

आम्ही मूळचे शिनोलीच्या पुढचे, डोंगरातले. वर आमचं एक भाताचं खाचर आणि नाचणी-वरईपुरता उतार होता, पण तो पावसाळ्यापुरता. बाकीचं वर्ष काढायचं तर खाली पाण्याच्या बाजूला यावं लागे. मी पाचवीत असताना आम्ही कायमचेच खाली शिनोलीला आलो आणि तात्यांच्या मळ्याच्या कडेला कुडाचं घर घातलं. तात्या म्हणजे त्या भागातले जुने बागाईतदार. ऊस, कांदा, बटाटा, नदीवर मोटार. वडील आळेफाट्याला ट्रकच्या गॅरेजात कामाला होते. महिन्यातून एक-दोनदा यायचे, तेव्हा घरात ऑइलचा वास यायचा आणि ते हात धुवायच्या आधी गोठ्यात जायचे. मोरी त्यांची लाडकी. मामाने पारडी दिली होती, ती वडिलांनी खांद्यावर घेऊन डोंगर उतरवली होती, आणि हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. घरात चहाला दूध, जेवायला ताक आणि सकाळी डेअरीच्या किटलीत जे जायचं त्यावर बाकीचं सगळं, असं आमचं चाललं होतं. मोरी होती म्हणून आम्हाला मळेकऱ्यांच्या वस्तीत जरा मान वर करून राहता येत होतं.

खुरपणीला जाणाऱ्या बायकांचा एक हक्क आमच्याकडे सगळे पाळत. रानातून जे तण निघेल ते खुरपणारीचं. बांधावरचंही तसंच. ज्या बायका ज्या मळ्यात खुरपतात त्यांनी तिथल्या बांधावरचं केव्हाही कापावं, विचारायला जायचं नाही. मळेवाल्याला ते नकोच असे. तात्यांची गुरं मुद्दाम पेरलेला घास आणि कडवळ खायची. कोणी कोणाला लिहून दिलेलं नव्हतं, पण तण घेऊन जाणाऱ्या बाईला अडवणं हे पाणी पिणाऱ्याला अडवण्यासारखं मानलं जाई.

आई बसल्या जागी तणाचे वाटे करायची. माणसाचं, म्हशीचं आणि कोणाचंच नाही. धोत्रा कोणाचाच नाही. गाजरगवत कोणाचंच नाही, वर हाताला खाज. हरळी आणि लव्हाळा म्हशीचा. केना दोघांचा, माणसाला त्याच्या पानांची भजी, पण म्हशीला बेतानेच घालायचा, नाहीतर ती ढाळते. कुर्डू कोवळा असेपर्यंत आपला, तुरा आला की तिचा. भांडण व्हायचं ते पाथरीवरून. मला ती कच्ची, भाकरी आणि मिरचीच्या खर्ड्याबरोबर फार आवडायची, पण पाथरीने दूध वाढतं, म्हणून आई ती गोठ्यात न्यायची. मी हात पुढे केला की म्हणायची, "तू दूध देतीस का? मग तिला खाऊ दे." शेजारची हौसामावशी आईच्याच ओळीत खुरपायची. तोंडाने फटकळ, हाताने झपाझप. ती मोठ्याने म्हणायची, "चिमे, तुझ्या म्हशीला तात्याच्या बायकूपरीस चांगलं खायला मिळतंय. तिचं ताट तरी तू बघितलंस का? बटाटा, बटाटा आन बटाटा." बायका खुरपी थांबवून हसायच्या आणि बांधावरून तात्या ओरडायचे, "हसा, हसा. ऊस काय हसून वाढतोय व्हय?" पण तेही हसत असायचे.

तात्या वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणालाही तसं वाटेल. दहावीत मला चांगले मार्क पडले तेव्हा आईच्या आधी ते आमच्या अंगणात आले. "चिमाबाई, या पोरीच्या हातात खुरपं द्यायचं न्हाई," असं त्यांनी बजावलं. पुढे बारावीपर्यंत घोडेगावला जमलं, पण मला शास्त्रात पदवी घ्यायची होती आणि कॉलेज मंचरला होतं. रोज शिनोलीहून जाणं-येणं होईना. तेव्हा तात्यांनीच आपल्या बहिणीला, मंचरजवळच्या पेठच्या आक्कांना निरोप पाठवला आणि मी त्यांच्या घरी राहायला गेले. आक्कांनी मला वेगळं ताट दिलं नाही, वेगळी पंगत दिली नाही. आमच्या घराण्यात मॅट्रिकसुद्धा कोणी झालेलं नव्हतं. मी पदवीधर झाले, शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्याचं पहिलं दार तात्यांनी उघडलं. हे उपकार मी आजही मानते. ते मानायची सवय मला इतकी लवकर लागली की त्यापुढे दुसरं काही मानायचं असतं हेच मी विसरले.

पेठला गेल्यावर मी थोडी बदललेही. आक्कांच्या परसात पाथरी दिसली म्हणून मी एकदा उपटली, धुतली आणि जेवताना ताटात घेतली. आक्का मनापासून हसल्या. "अगं, हे आमच्याकडं शेळ्या खातात." त्यांच्या हसण्यात विष नव्हतं, पण मी ते पान ताटाखाली सरकवलं. त्यानंतर घरी गेले की मी तणाच्या भाजीला नाक मुरडायला लागले.  शनिवारी मी येणार म्हणून आई चाकवताचे शेंडे तेवढे खुडून ठेवायची, ताक आणि बेसन लावून, लसणाची फोडणी देऊन करायची, म्हणजे ते तणासारखं दिसू नये. मी खायची. आवडायचंही. पण आवडलं असं म्हणायची नाही.

दिवाळी होऊन गेली होती, ऊस गुडघ्याएवढा झाला होता. त्या रविवारी सकाळी तात्यांनी मला घरी बोलावलं. मी नेहमीप्रमाणे ओट्याच्या कडेला बसायला लागले तर म्हणाले, "वर बस. खुर्चीवर बस. कॉलेजवाली झालीस आता." त्या घरात मी खुर्चीवर बसण्याची ती पहिली वेळ. काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, कानाच्या कपातून चहा दिला. आईला त्या घरी चहा मिळायचा तो वेगळ्या स्टीलच्या पेल्यातून, जो धुऊन देवळीत ठेवायचा असे. तात्यांनी माझ्यापुढे एक डबा आणि त्याच्याबरोबर आलेला घडीचा कागद ठेवला.

"हे वाच बरं. दुकानदार म्हनतो, एक फवारा मारला की खुरपनीच नको. पन सालं समदं इंग्रजी. पोरांना इचारलं तर एक म्हनतो पंपाला एवढं, दुसरा म्हनतो एकराला एवढं. ऊस जाळून बसायचो."

मी कागद उलगडला. तणनाशक हा शब्द तोवर मी पुस्तकात वाचला होता, डबा पहिल्यांदा पाहत होते. खाली मरणाऱ्या तणांची यादी होती आणि ती लॅटिन नावांत होती. अमरॅन्थस, चिनोपोडियम, पोर्टुलाका. हीच नावं मी आदल्या सत्रात पाठ केली होती. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले, आपण शिकलो त्याचा उपयोग होतोय म्हणून. मी धडाधडा सांगत सुटले. "हा माठ. हे चाकवत. ही घोळ. रुंद पानाचं सगळं मरतं, तात्या. हरळी मरत नाही, लव्हाळा मरत नाही. उसाला काही होत नाही."

दारातून काकी म्हणाल्या, "म्हंजे भाजी मरती आन गवत ऱ्हातं. मग कशाला आनलं ते?"

"तू पोहे टाक पोरीला," तात्या म्हणाले.

ती यादी म्हणजे माझ्या आईचा ओचा होता. हे मला तिथे, त्या खुर्चीवर बसून कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. कळलं. पण मी पुढचं प्रमाण वाचलं, पंपाला किती टोपणं ते सांगितलं, वारा असताना मारू नका म्हणाले. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, तीही वाचली. "तात्या, फवारलेल्या रानात पंधरा दिवस जनावर सोडायचं नाही. तिथलं कापून घालायचंही नाही. बायकांना सांगावं लागेल."

"सांगतो की. उद्याच सांगतो. तू कशाला त्याची काळजी करतीस? तू अभ्यास कर."

घरी आले तर आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. "कशाला बलावलं व्हतं गं तात्यांनी?" तिने विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, कागद वाचायचा होता." तिला केवढा अभिमान वाटला! तिने पीठ लागलेल्या हाताने माझी हनुवटी धरली आणि विचारलं, "आला का वाचायला?" मी हो म्हणाले. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. पण ते सांगायचं तर आधी हेही सांगावं लागलं असतं की आता तुमची खुरपणी बंद होणार, आणि ती कशी बंद करायची हे मीच वाचून दाखवून आलेय. ते ऐकताना तिचं तोंड कसं होईल ते मला बघायचं नव्हतं. तात्या सांगणारच आहेत, मग त्यांच्याच तोंडून कळू दे, असं मी मनाशी म्हटलं आणि दुपारच्या एसटीने पेठला गेले.

बुधवारी कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी सकाळीच घरी आले. गोठ्यातून चावण्याचा आवाज येत होता, भरपूर चारा असल्यावर येतो तसा एकसारखा, कुरुम कुरुम. आई खुशीत होती. "मोरी आज लई आवडीनं खातीय," ती म्हणाली. "या आठवड्यात खुरपनीला बलावलंच न्हाई कुनाला. म्हनलं, घरी बसून काय करू, म्हनून बांधावरचं कापून आनलं. तुझ्यासाठी चाकवत खुडून ठेवलंय बघ." सुपात चाकवताचे शेंडे होते. मी एक उचलला. पान हिरवंगार होतं, पण देठ पिळवटलेला, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा. सगळेच देठ तसे होते.

मी सूप तसंच टाकून गोठ्यात धावले. मोरीच्या पुढ्यातला चारा दोन्ही हातांनी ओढायला लागले. ती मान हलवून माझ्याकडे बघत होती, तिच्या तोंडातून माठाचा दांडा लोंबत होता.

"काय गं, याड लागलं का तुला?" आई मागून आली.

"फवारलंय आई! औषध मारलंय यावर! देठ बघ की!"

"थंडीनं आकसलंय ते. औषध कुनी मारलं? कशाला मारलं?"

"तात्यांनी. तण मरायला. त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"कुनी न्हाई सांगितलं." ती थांबली. "तुला कसं ठावं?"

"मीच वाचून दाखवलं त्यांना."

"कवा?"

"रविवारी."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि माझ्याबरोबर चारा बाहेर ओढायला लागली.

दुपारपर्यंत मोरीला धाप लागली. तोंडाला फेस आला, पाय थरथरायला लागले. हौसामावशीचा मुलगा सायकल मारत जाऊन घोडेगावहून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आला, पण ते मोटारसायकलवरून उतरेपर्यंत ती आडवी झाली होती. आई तिचं डोकं मांडीवर घ्यायचा प्रयत्न करत होती, पण म्हशीचं डोकं ते, मांडीवर मावत नव्हतं. डॉक्टरांनी सुई टोचून रक्त काढलं. ते लाल नव्हतं. कॉफीसारखं तपकिरी होतं. "काय घातलं होतं?" त्यांनी विचारलं. आईने सांगितलं. त्यांनी एक इंजेक्शन दिलं, पण उशीर झालाय म्हणाले. औषधाने झालं का असं मी विचारलं तर ते म्हणाले, "तसं छातीठोक सांगता येणार नाही." तासाभरात मोरी गेली.

छातीठोक मलाही पुढे कित्येक वर्षं सांगता आलं नाही. विज्ञान शिकवायला लागल्यावर मी याच्या मागे लागले. अशा औषधाने तण मरायला लागलं की मरण्याआधी काही दिवस त्याच्यात एक क्षार साठू शकतो, आणि तो साठवण्यात माठ-चाकवत पुढे असतात. तो पोटात गेला की रक्त प्राणवायू धरत नाही आणि रक्त तपकिरी पडतं. चव बदलते, म्हणून जनावरं ते एरवीपेक्षा जास्त आवडीने खातात. हे सगळं मी वर्गात मुलांना फळ्यावर काढून समजावलं आहे. ते मला कुठून ठाऊक, हे कधी सांगितलं नाही.

हौसामावशी गप्प बसणारी नव्हती. तिने त्याच संध्याकाळी वस्तीभर सांगितलं की तात्याच्या औषधाने चिमीची म्हैस मेली आणि बायांना कोणी सांगितलं नव्हतं. तात्यांच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. खुरपणीच्या सात-आठ बायका, वस्तीतली चार वडीलधारी माणसं, आई आणि मी. आईला भरपाई नको होती. रात्रभर ती एकच म्हणत होती, "एवढं कुनीतरी म्हना, की हिला म्हाईत नव्हतं." म्हैस पाळणाऱ्या बाईने जाणूनबुजून विषारी चारा घातला, हावरेपणा केला, असं चारचौघांत ठरलं तर तिला तोंड वर करता येणार नव्हतं. वडील अजून यायचे होते. त्यांना काय सांगायचं हेही त्या ओट्यावरच ठरणार होतं.

"आमाला कुनी सांगितलं न्हाई," हौसामावशीने सुरुवातच केली. "तुमी फवारा मारला, मारा. रान तुमचं हाय. पन येक शबूद तरी टाकायचा व्हता, तात्या."

तात्यांचा चेहरा उतरला होता. ते सांगायचं विसरले होते, मला आज खात्री आहे की ते फक्त विसरले होते. त्यांनी ते तसं सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बायकांपुढे विसरलो म्हणणं त्यांना जमलं नाही. ते इकडेतिकडे बघायला लागले आणि त्यांना मी दिसले.

"ही पोरगी काय खोटं बोलनार हाय का? सांग गं. तू मला कागद वाचून दाखवला का न्हाई?"

"हो," मी म्हणाले.

"जनावराला घालू नका, आसं त्यात व्हतं का न्हाई?"

"होतं."

"मंग? घरात शिकलेली पोरगी, तिला समदं ठावं. तिनं आईला सांगितलं नसंल व्हय? सांगितलं व्हतंस ना तू आईला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हणायचं तर पुढे हेही म्हणावं लागणार होतं की तुम्ही सांगतो म्हणाला होतात. भरल्या ओट्यावर तात्यांना खोटं पाडावं लागणार होतं. संध्याकाळी मला पेठला जायचं होतं, त्यांच्या बहिणीच्या घरी, त्यांच्या शब्दावर मिळालेल्या जागेत. वर्ष संपायला चार महिने होते. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. माझ्या तोंडातून आलं, "हो. सांगितलं होतं."

हौसामावशीने तोंडावर हात मारून घेतला. मी आईकडे बघितलं नाही. पण तिचा आवाज ऐकू आला, आणि तो यायला मुळीच वेळ लागला नाही.

"व्हय. सांगितलं व्हतं पोरीनं. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

तात्यांनी मोठा श्वास सोडला. ते आवाज उतरवून म्हणाले, "चिमाबाई, झालं ते झालं. पन हितून पुढं रानातलं, बांधावरचं कुनी काय न्यायचं न्हाई. परत आसं नको." वडीलधाऱ्या माणसांनी माना डोलावल्या. एवढ्या वर्षांचा बायकांचा हक्क त्या सकाळी गेला, तो माझ्या तीन शब्दांनी. बायका उठल्या. परतीच्या वाटेवर हौसामावशी आईला म्हणाली, "चिमे, माझ्या नवऱ्याच्या श्राद्धाची तिथ तू मला सांगतीस. आन तू इसरलीस?" आई म्हणाली, "इसरलं. मानूसच हाय मी." मग मावशी माझ्याकडे वळली. "शीक बाई," ती म्हणाली. "लई शीक." त्यानंतर ती माझ्याशी बोलली ती माझ्या लग्नात, तेही अक्षता टाकून, जेवली आहेस का एवढंच.

त्या संध्याकाळी मी पेठला गेले. आक्कांना कळलं होतं. "आईचं वय होत चाललं बहुतेक," त्या हळहळून म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली.

वडील रविवारी आले. आईने त्यांनाही तेच सांगितलं. मी समोर होते, तरी तिने माझ्याकडे डोळ्यानेही विचारलं नाही. वडिलांनी रिकाम्या गोठ्यात उभं राहून फक्त एवढं म्हटलं, "एवढं पोरीनं सांगूनबी?" पुढची कित्येक वर्षं, मीठ जास्त झालं, किल्ली हरवली, कोंबडी मुंगसाने नेली, की ते हेच वाक्य म्हणायचे. आई खाली मान घालून ऐकायची. वडील गेले तेव्हाही त्यांच्या लेखी मोरीला आईनेच मारलं होतं. मला त्यांना सांगायला भरपूर वेळ मिळाला होता. नोकरी लागल्यावर सांगू, लग्न झाल्यावर सांगू, मुलं झाल्यावर सांगू, असं मी पुढे ढकलत गेले, आणि दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले तेव्हा म्हटलं, आता कशाला त्रास.

आई पुन्हा तात्यांच्या मळ्यात गेली नाही, पण गेली असती तरी खुरपायला काही उरलं नव्हतं. दोन-तीन वर्षांत सगळ्याच मळ्यांतून पंप फिरले. आई डोंगरातल्या आमच्या उतारावर जायची आणि पावसाळ्यापुरतं जे उगवे ते घेऊन यायची. बाकीच्या वर्षात आमच्याकडे भाजी विकत यायला लागली. अलीकडे मला रानभाज्यांच्या कार्यक्रमांना प्रमुख पाहुणी म्हणून बोलावतात, कारण मला शास्त्रीय नावंही येतात आणि पाककृतीही. टेबलावर द्रोणातून घोळ, केना, कुर्डू मांडलेला असतो, प्रत्येकापुढे चिठ्ठी. मागे एकदा एका तरुण बाईने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कोणाकडून शिकलात?" मी आईचं नाव सांगितलं. टाळ्या पडल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शेवटची तीन वर्षं आई माझ्याकडे जुन्नरला होती. जुनं सगळं तिला आठवायचं, सकाळचं आठवायचं नाही. माझ्या सुनेला ती गोठ्यातल्या गोष्टी सांगायची, आणि त्यात मोरीची गोष्ट असायचीच. "हिनं बजावून सांगितलं व्हतं गं. मलाच मेलीला भान ऱ्हायलं न्हाई. मुक्या जनावराचा जीव गेला माझ्यामुळं." असं म्हणून डोळे पुसायची. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची, म्हणजे ऐकू येऊ नये. एका दुपारी सून बाहेर गेली होती. आईने माझ्यापुढेच ते सुरू केलं, जणू मी कोणी तिसरीच होते. तेव्हा मी तिचे हात धरले.

"आई, मी सांगितलं नव्हतं. त्या रविवारी मी तुला काहीच बोलले नाही. तुझी काहीच चूक नव्हती. मी खोटं बोलले होते."

 ती लहान मुलीची समजूत घालावी तशी हसली. "आसं कसं? सांगितलं व्हतंस की. मी भाकरी थापत व्हते. तू चुलीपुढं उभी ऱ्हाऊन म्हनलीस, आई, बांधावरचं आनू नको. मला समदं आठवतंय."

"नाही गं आई. मी नव्हते म्हणाले."

तिचं हसणं गेलं. तिने हात सोडवून घेतले आणि तिला खरोखर राग आला. "मंग काय मी खोटं बोलले व्हय, एवढ्या मान्सांपुढं?"

तिच्या डोळ्यांत मी शोधत राहिले, की ही अजून मला पाठीशी घालतेय, की हिला खरंच तसं आठवतंय. मला कळलं नाही.

"नाही आई," मी म्हणाले. "तू कशाला खोटं बोलशील."